मळकं पुस्तक

आमच्या ग्रंथालयातला कारकून कशालाही ‘हव’, म्हणजे ‘हो’, म्हणतो आणि मग स्वतःच्या मनाचंच करतो.

गोल बाजारातल्या माझ्या भांड्यांच्या दुकानाची वेबसाइट ज्याने बनवली, तो साधा भाव बदलायलाही मला ताटकळत ठेवायचा. चिडून मी स्वतःच पीएचपी, म्हणजे वेबसाइट बनवायची संगणकभाषा, शिकायचं ठरवलं.

“मले कोरं करकरीत पुस्तक पाहिजे,” मी कारकुनाला दरडावलं.

“हव,” म्हणत त्याने मळकंच काढलं.

“हे काहून?”

“भाऊ, कोरं पुस्तक कोणी दुसऱ्या धड्यापुढं वाचलंच नाही. याच्या कडा पाहा, बोटांचा मळ शेवटच्या पानापर्यंत आहे.”

काल कढईचा भाव मी स्वतः बदलला आणि मिरवत त्याला सांगायला गेलो.

“पुस्तक आणलं काय परत?”

“नाही. अर्धं राहिलं आहे.”

मी घासाघीस सुरू करायच्या आतच त्याने मुदत वाढवून दिली.