काळोख राखणाऱ्या ताई

"ठेव तो. डोळे दिलेत ना देवाने?"

असं म्हणून त्या समोरच्याच्या मोबाइलवर सरळ आपला तळहात ठेवायच्या, निखाऱ्यावर राख ओढावी तसा. मोबाइल कुणाचा आहे हे पाहायच्या नाहीत. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या मोबाइलवर ठेवला, दिवे गेलेल्या जिन्यात टॉर्च लावून चढणाऱ्या डिलिव्हरीवाल्याच्या ठेवला, आणि एकदा तर एका पुढाऱ्याच्याही. तो प्रसंग पुढे सांगते.

मयूर विहारमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर त्या राहायच्या. एका मंत्रालयातून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या. आम्ही मराठी माणसं त्यांना ताई म्हणायचो, बाकीचे दीदी, गेटवरचा गार्ड मॅडम. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते, फारशी कुणाकडे जात नाही. म्हणून त्या माझ्याकडे यायच्या, आणि येताना बहुधा एखादी तक्रार घेऊन यायच्या.

"काय गो, वाचतेस? वाच. बाहेर आग लागलीय, तू अनुस्वार शोध."

तुमच्याही ओळखीत असं एखादं सतत संतापलेलं माणूस असेल. लांबून येताना दिसलं की आपण एकमेकांकडे बघून हसतो. आम्हीही हसायचो, आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्यांना जाऊन वर्ष झालं. मी मात्र आता त्यांच्यापेक्षा जास्त संतापलेली आहे, आणि कशामुळे ते सांगायलाच लिहायला बसले आहे.

ताई मूळच्या सिंधुदुर्गातल्या एका लहानशा बंदराच्या गावच्या. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तिथे आणखी दोन बस जातील. एक जुना धक्का, त्याला लागलेल्या होड्या, संध्याकाळी मासळीचा लिलाव. धक्क्याच्या दोन्ही अंगांना पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे. उत्तरेकडची पुळण लांब आणि निवांत, मागे सुरूचं बन, त्यातल्या एका उंच झाडावर समुद्री गरुडाचं घरटं. थंडीत त्या पुळणीवर कासवं अंडी घालायला येतात. थंडी सरता सरता पिल्लं बाहेर पडतात आणि समुद्राकडे चालू लागतात.

दर वर्षी त्या सुमाराला ताई आमच्या मराठी मंडळातर्फे दिल्लीतल्या माणसांना तिथे घेऊन जायच्या. नोएडा-गुडगावची आयटीतली पुण्या-मुंबईकडची मंडळी, मयूर विहार-गाझियाबादची कुटुंबं, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं. नांदेडच्या बाजूची एक मुलगी होती, तिने समुद्र पहिल्यांदा तिथेच पाहिला.  ताई तिच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि मागून कुणी "चलो, चलो, ग्रुप फोटो" म्हणालं तेव्हा त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो बिचारा परत बसमध्ये जाऊन बसला.

सहल म्हणून सुखाची नव्हती, हे सांगायला हवं. दक्षिणेकडच्या पुळणीवर पहाटे रापण ओढतात. होडीने लांबवर टाकलेलं मोठं जाळं किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी सगळ्यांनी मिळून ओढायचं. रिवाज असा, की जो दोरीला हात लावेल त्याला मासळीत वाटा, मग तो कोणी का असेना. गुडगावचा एक जण मोबाइल उंच धरून रील काढत होता.

"दोरी धर आधी," ताई म्हणाल्या.

"ताई, एक मिनिट, बस एक शॉट."

"शॉट घरी नेऊन तळणार आहेस?"

त्याने दोरी धरली. तळहात सोलवटले. शेवटी त्याच्या पुढ्यात चार बांगडे पडले तेव्हा तो ते असे घेऊन उभा होता, जसं काही त्याला कुणी पदवी दिली. पुढे दोन वर्षं तो आपणहून आला.

होडीतून डॉल्फिन पाहायला गेलो की ताई होडीवाल्याला इंजिन बंद करायला लावायच्या. डॉल्फिन दिसले तर दिसले. एकदा मंडळातल्या एका बाई कुरकुरल्या, "ताई, बाकीच्या होड्या बघा किती जवळ जातात. आपण पैसे दिलेत ना?"

"पैसे होडीवाल्याला दिलेत. डॉल्फिनला विचारलंय का कुणी?"

त्या दिवशी डॉल्फिन आले नाहीत. ताई परतताना अगदी खुशीत होत्या.

दिल्लीतही त्यांचं हेच. दिवाळीच्या आधी सोसायटीने बागेतल्या कडुनिंबाला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत निळ्या दिव्यांच्या माळा गुंडाळल्या. दिवाळी झाली, नाताळ झाला, माळा तशाच. ताई सेक्रेटरीच्या दारात गेल्या. "भाईसाहब, आप लाइट जलाकर सोते हैं क्या? पेड़ को भी सोने दीजिए." सेक्रेटरी म्हणाले, दीदी, रौनक लगती है. दुसऱ्या दिवशी ताई सुरी घेऊन खाली उतरल्या आणि गार्डदेखत माळ कापून आल्या. मला म्हणाल्या, "शिरा पडो त्या उजेडार." संताप टोकाला गेला की त्या मालवणीत यायच्या.

उजेडावर त्यांचा एवढा राग का, हे मला पुढे कळलं. त्या कासवांच्या पुळणीवर, सुरूच्या बनाला लागून, कुणीतरी 'सुशोभीकरण' म्हणून एक हायमास्ट दिवा उभा केला होता. क्रिकेटच्या मैदानावर असतो तसला. वाळूतून वर आलेलं पिल्लू जिकडे उजळ दिसेल तिकडे चालतं. कोट्यवधी वर्षं उजळ बाजू समुद्राची होती. आता ती खांबाची झाली. सकाळी पिल्लं बनात, रस्त्यावर, गाड्यांच्या चाकांखाली सापडू लागली. ताईंचा धाकटा भाऊ तिथे धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारतो. त्याने फोनवर सांगितलं, "दिवो बंद करूक सांगलंय, तर म्हणतत तू विकासाच्या आड येतस."

ताई दिल्लीत बसून लढल्या. लढल्या म्हणजे काय, तर अर्ज केले, ओळखी काढल्या, ज्यांच्या हाताखाली नोकरी केली त्यांच्या मुलांना भेटल्या. त्या भागातला एक पुढारी दिल्लीत आला की कस्तुरबा गांधी मार्गावर उतरतो असं कळल्यावर सकाळीच तिथे जाऊन बसल्या. मला बरोबर नेलं, "तुझा चेहरा गरीब आहे, आत सोडतील" म्हणून. दुपारी तो पुढारी जेवायला निघाला तेव्हा ताई वाटेत उभ्या राहिल्या.

तो मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "ताई, पर्यटकांना सुरक्षित वाटायला नको का? अंधारात कोण येणार तिथे?"

ताईंनी त्याच्या मोबाइलवर तळहात ठेवला. सोबतचे लोक पुढे सरकले. मी डोळेच मिटून घेतले.

"ज्यांचं बाळंतपणाचं घर आहे ते," ताई म्हणाल्या. "तुमच्या पणजीलाही विचारून येत नव्हते ते. तुम्ही त्यांच्या खोलीत दिवा लावून ठेवलाय."

तो हसला. काय मिश्कील बाई आहे, अशा अर्थाने हसला. मला ते हसणं अजून आठवतं. पण जाता जाता कुणाला तरी 'बघा रे' म्हणाला, आणि बऱ्याच खेपांनंतर एकदाचं ठरलं, की पिल्लांचा हंगाम असेतो दिवा बंद. खांब तसाच राहील. ताई म्हणाल्या, "खांब राहू दे. गरुड बसेल त्याच्यावर."

तोवर त्या आजारी पडल्या होत्या. त्या वर्षी सहल निघाली नाही. हॉस्पिटलात त्यांना बोलताना धाप लागायची. मी भावाला फोन लावून त्यांच्या कानाशी धरला.

"काळोख आसा मा रे?"

"आसा गो. डोळ्यात बोट घातला तरी दिसाचा नाय."

त्यांनी मान हलवली आणि मला फोन बंद करायची खूण केली. त्यानंतर त्यांच्या तोंडून मी कसलीच तक्रार ऐकली नाही, आणि तेव्हाच मी घाबरले. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

आता ज्या संध्याकाळीमुळे मी संतापले तिच्याबद्दल. मंडळाने पुढच्या वर्षी ताईंच्या स्मरणार्थ सहल काढली. आमचे अध्यक्ष भला माणूस, हे मला लिहावं लागतं आणि लिहिताना त्रास होतो. त्यांनी खपून सगळं केलं. ताईंचा मोठा फोटो मढवून घेतला. दिल्लीहून खोकी भरून सामान आणलं; मला वाटलं, खाण्याचं असेल.

मी आणि ताईंचा भाऊ पुळणीच्या वरच्या टोकाला होतो. गावातले कासवमित्र घरट्यांतली अंडी कुंपणात आणून सांभाळतात आणि पिल्लं वर आली की पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात. उरलेली वाट त्यांनी आपली आपण चालायची असते. त्या दिवशी पिल्लं उशिरा वर आली. सूर्य बुडून पश्चिमेचा तांबूसपणाही गेला होता. टोपली उपडी केली. पिल्लं थोडी थबकली, मग पाण्याकडे निघाली. मग एक डावीकडे वळलं. त्याच्या मागून आणखी काही. मग जवळजवळ सगळीच.

आम्ही डावीकडे पाहिलं. थोड्या अंतरावर आमच्या मंडळाने वाळूत शेकडो पणत्या लावल्या होत्या. रांगोळीसारख्या गोल रांगांत, मधे ताईंचा फोटो, त्यापुढे पितळी समई. ज्या जागेचा एक दिवा घालवण्यासाठी त्या बाईने आयुष्याची अखेरची वर्षं घालवली, तिथे तिचीच माणसं तिच्याच नावाने उजेड करून बसली होती. त्यांतला प्रत्येक जण ही वाट ताईंबरोबर चालला होता. प्रत्येकाच्या मोबाइलवर तो तळहात पडला होता. कुणाच्याही मनात काही आलं नाही. ती रागावते, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. कशासाठी, ते ऐकलंच नव्हतं.

पिल्लं पणत्यांपाशी पोचू लागली. आणि मग जे झालं ते तुम्ही कदाचित पाहिलंही असेल, कारण त्याचा व्हिडिओ पुष्कळ फिरला. माणसं उठून उभी राहिली. कुणी हात जोडले. डॉल्फिनसाठी कुरकुरलेल्या त्या बाई रडू लागल्या.

"अहो, बघा, ताईंना भेटायला आली," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता.

ताईंचा भाऊ ओरडत धावला. लिलावाचा त्याचा आवाज, पण शब्द कुणाला कळेनात. त्यांना वाटलं, तोही गहिवरलाय. एक पिल्लू पणतीच्या तेलात जाऊन उलथलं. मी पळण्यातली नाही, ओरडण्यातली तर नाहीच. मी गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी पणत्यांवर वाळू लोटू लागले. तळवे भाजत होते. कुणी म्हणालं, "अरे, ये क्या कर रही हैं?" कुणी म्हणालं, "दुःखाने होतं असं, सांभाळा त्यांना." भाऊ दुसऱ्या बाजूने तेच करत होता. नांदेडची ती मुलगी अचानक खाली बसली आणि तीही वाळू लोटू लागली. आमच्या लोकांत समजलं ते फक्त तिलाच.

शेवटी समई राहिली. अध्यक्षांच्या पत्नीने माझं मनगट धरलं.

"अगं, ही नको. ही ताईंची आहे."

"त्यांचीच आहे," मी म्हटलं. "म्हणून."

मी मनगट सोडवून घेतलं आणि समईच्या वाती चिमटीत धरून मालवल्या.

मला तो व्हिडिओ गाझियाबादच्या एका ओळखीच्या बाईंनीही पाठवला होता, मागे बासरी लावलेला. खाली लोकांनी नमस्कार केलेत, डोळ्यांत पाणी आल्याचं लिहिलंय. मी कुणालाच उत्तर दिलेलं नाही. हा लेख हेच उत्तर.

व्हिडिओ समईपाशी संपतो. त्यानंतर अंधार आहे, म्हणून कुणी तो ठेवलेला नाही. त्या अंधारात फोटो दिसत नव्हता, माणसं दिसत नव्हती. बऱ्याच वेळाने लाटांची पांढरी कड तेवढी दिसू लागली. मी हलले नाही, पाय कशावर पडेल याचा भरवसा नव्हता. मग माझ्या उजव्या पावलावर काहीतरी चढलं, वाळूने खरखरीत, नाण्यापेक्षा थोडं मोठं. ते क्षणभर थांबलं, वळलं आणि पाण्याच्या बाजूने उतरून गेलं.