शत्रूची लेव्हल ठरवणारी सभा

सुरतेतल्या आमच्या मराठी मंडळात ठरावाशिवाय पान हलत नसे. प्रसादाच्या शिऱ्यात केळं घालायचं की नाही, यालाही एक सूचक आणि एक अनुमोदक लागे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी या थोर मंडळींनी माझ्या कॉम्प्युटर गेमचीसुद्धा सभा भरवली.

गेम मूळचा माझा नव्हता. मी जायचो त्या कॉम्प्युटर क्लासमधल्या मशीनवर कुणीतरी टाकलेला तो परदेशी लढाईचा खेळ होता. पटावर घरं, एकदा आपली चाल, एकदा शत्रूची, आणि लढता लढता सैनिकांची लेव्हल वाढत जायची. त्याच्या फायली उघडून आकडे बदलता येतात हे कळलं आणि मी पागलच झालो. चिलखतं काढून पगड्या घातल्या, राजवाड्याचा डोंगरी किल्ला केला. ते सोपं होतं. घाम फोडला तो शत्रूने. त्याची लेव्हल आपल्याएवढीच ठेवली तर खेळणारा जांभया देतो. थोडी वाढवली तर विचार करतो. आणखी वाढवली तर शिव्या देतो, पण उठत नाही. त्याच्याही वर नेली की चपला घालून घरी जातो. मला शिव्या देणारा माणूस हवा होता आणि तो क्लासमध्येच मिळाला. कतारगामच्या हिरे घासणाऱ्या घरातला मित्र. ‘‘साला, आ तो जीतवा ज नथी देतो!’’ म्हणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. एवढी मोठी दाद मला नंतर कुणी दिली नाही.

वडील बँकेत होते आणि मंडळाचे चिटणीसही. मी बँकेची परीक्षा द्यावी असं त्यांचं म्हणणं, तर मला कॉम्प्युटर शिकायला पुण्याला जायचं होतं. शेवटी त्यांनी तोडगा काढला. ‘‘गणपतीत तुझा खेळ मांडवात ठेव. त्यात तुझं डोकं दिसलं तर जा पुण्याला. नाही दिसलं तर बँक.’’ मला अगदी रास्त वाटलं. खेळ आधी सभेपुढे जाईल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

आपण राहतो सुरतेत, घरमालकही इथलेच, तेव्हा लढाई सुरतेची नको, हे पहिल्या फटक्यात एकमताने मंजूर झालं. शत्रू ओळखीचा वाटू नये म्हणून त्याला राखाडी झेंडा मिळाला. मग आली सैनिकांची लेव्हल. मी हौसेने साताऱ्याचा घोडेस्वार, कोकणचा तिरंदाज, खान्देशचा भालाईत अशी नावं दिली होती. भालाईत सुरुवातीला कच्चा असतो आणि पुढे सगळ्यांना भारी पडतो, ही त्या खेळातली गंमत. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधले एक काका ताडकन उठले. ‘‘आमना खान्देशना गडी काय कमी शे का? मांडव बांधाले आम्ही, अन् लेव्हल सातारवालाले?’’

‘‘काका, तो पुढे वर जातो,’’ मी म्हणालो.

‘‘पुढे म्हणजे कधी, विसर्जनानंतर?’’ मागून कुणीतरी विचारलं.

कोकणची मंडळीही मग सरसावली. विदर्भाचा सैनिकच नाही, असं एका नागपूरच्या बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी पदर खोचला. अखेर सगळ्यांना सर्वांत वरची लेव्हल द्यायचं ठरलं. सणासुदीला आपलं माणूस मरू नये, ही महिला समितीची सूचनाही मान्य झाली. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर होते. ‘‘शत्रू बलाढ्य दिसला पाहिजे, नाहीतर विजयाला शोभा नाही,’’ ते म्हणाले. बलाढ्य दिसायला हवा होता, असायला नव्हे. म्हणून शत्रूच्या सरदाराला झुपकेदार मिशा मिळाल्या आणि लेव्हल पहिली. या ठरावाला अनुमोदन कुणी दिलं? माझ्या वडिलांनी. दर रविवारी शेजाऱ्यांशी बुद्धिबळ खेळून, हरले की धड न जेवणाऱ्या माझ्या वडिलांनी! मला संताप आला, पण ठरावाला विरोध करायला मी सभासद नव्हतो.

गणपतीत आरतीनंतर खेळ सुरू झाला आणि सगळे जिंकले. अध्यक्ष एंटरवर बोट ठेवून जिंकले. एका आजींचा चष्मा कीबोर्डवर पडला, त्याही जिंकल्या. पुन्हा खेळायला मात्र कुणी आलं नाही. कतारगामचा मित्र मुद्दाम आला होता. दोन चालींत किल्ला घेऊन त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘‘तबियत तो सारी छे ने?’’ त्याने काळजीने विचारलं.

मांडव रिकामा झाल्यावर वडील खुर्चीवर बसले. त्यांनी मन लावून चाल केली, मग दुसरी केली. मग मुद्दाम भालाइताला एकट्यालाच शत्रूच्या घोळक्यात ढकललं. शत्रूने तलवारी चालवल्या, भालाईत ढिम्म उभा, आणि पडद्यावर विजयाचे फटाके उडाले.

‘‘हे तर आपोआपच जिंकतंय,’’ ते म्हणाले. ‘‘यात तुझं डोकं कुठे लागलं?’’

‘‘सभेआधीचा खेळ क्लासमध्ये आहे अजून,’’ मी म्हणालो. ‘‘तो खेळून बघा. तोच इथे ठेवला असता तर तुम्ही नक्की हरला असता.’’

त्यांनी आजूबाजूला कुणी ऐकलं तर नाही ना, ते पाहिलं.

‘‘चार लोकांत?’’ आवाज खाली आणून ते म्हणाले. ‘‘बापाला?’’

पुढच्या सोमवारी ते बँकेच्या परीक्षेची पुस्तकं घेऊन घरी आले.