उसाचा फोन

गेल्या डिसेंबरात तुम्ही दोघं लासुर्ण्याला आलात, तेव्हा तुमची आई माझ्यावर एकच काम सोपवून बारामतीला माहेरी गेली. धाकट्याला फोनवर कार्टून लावल्याशिवाय घास गिळता येत नसे. तिकडे तुमच्या घरी कितीतरी दिवस रडारड सोसून तिने ती सवय मोडली होती. "आई, इथे लाडात पुन्हा सुरू झालं, तर मला सगळं पहिल्यापासून करावं लागेल," ती म्हणाली.

मी लगेच व्यवस्था लावली. जेवणाआधी घरातले सगळे फोन पोळ्यांच्या जुन्या स्टीलच्या डब्यात, डबा ओट्यावर, आणि हात धुतल्यावरच झाकण उघडायचं. मोठ्यांनाही सूट नाही, कारण धाकटा आधी आपल्याकडे बघतो आणि मग ताटाकडे. थोरलीने तोंड वाकडं केलं, पण फोन टाकला.

अडचण तुमच्या आबांची होती. आमच्या उसाला तुरे फुटले होते, वजन घटत चाललं होतं आणि तोडीचा निरोप येत नव्हता. मुकादमाचा फोन आला की तिथल्या तिथे होकार द्यायचा, नाही तर ऊसतोडीची टोळी पुढच्या रानात जाते. आबा अंगणात येरझारा घालत, खिसा चाचपत, रेंज बघायला गच्चीवर जात. त्यांना पाहून माझंही कशात मन लागेना. भाजीत मीठ घातलं की नाही, हे मी पुन्हा पुन्हा चाखून बघत होते.

एका दुपारी आमटी वाढून झाली आणि डबा थरथरायला लागला. सरकत सरकत ओट्याच्या कडेला आला. आबांचा घास हातातच राहिला.

"मुकादम असंल," ते म्हणाले.

धाकटा आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत होता. डबा थांबला, पुन्हा थरथरला. आबांनी खाली मान घालून भाकरी कुस्करली आणि जेवण संपेपर्यंत उठले नाहीत.

हात धुऊन त्यांनी फोन लावला, तर तिकडून कोणी उचलेना. मग तुम्हा दोघांना मोटरसायकलवर घेऊन ते टोळीकडे गेले. तिथलं मला थोरलीने सांगितलं. मुकादम दुसऱ्याच्याच बांधावर उभा होता. दोनदा लावला, माणसं रिकामी कशी बसवू, आता आठवड्यानं बघू, असं त्याचं म्हणणं. आबा म्हणाले, जेवत हुतो. त्यावर तो हसला. "आबा, उसाच्या हंगामात निवांत जेवणारा बागायतदार मी पहिल्यांदाच बघतोय."

संध्याकाळी आबा माझ्याशी जेमतेम बोलले. उद्या डब्याचं काय करायचं, हे मला ठरवता येईना. नियम सैल केला तर धाकटा लगेच कार्टून मागणार. नाही केला तर पुढचाही फोन जाणार.

दुसऱ्या दिवशी आबांनी आपणहून फोन डब्यात टाकला. धाकट्याने स्टूल ओढलं, तो बाहेर काढला आणि आबांच्या ताटाजवळ पालथा ठेवला.

"हा उसाचा आहे," तो म्हणाला. "बघायचा नाही. वाजला तरच उचलायचा."

मग स्वतःच झाकण लावून तो जेवायला बसला. कार्टूनचं नावही काढलं नाही.

तोड आली तेव्हा तुम्ही परत गेला होतात. फोन जेवतानाच आला आणि आबांनी तो लगेच उचलला. ऊस केव्हाच कारखान्यात गेला. तरी आबा अजून फोन ताटाजवळच ठेवतात, मधूनच त्यांचा हात तिकडे जातो, मी बघितलं की मागे येतो. नियम धाकट्याचा आहे, म्हणून त्यालाच विचारते: आता हा फोन डब्यात टाकायला सांगू का?