लाभ, दोन, तीन

"सदुसष्ट, दोन, तीन," असं फळ्यावर लिहून सविताने खडू ठेवला. "घ्या मॅडम. बेरीज बहात्तर येऊन राहिली."

प्रश्न होता : तीन क्रमागत संख्यांची बेरीज बहात्तर आहे, तर त्या संख्या कोणत्या? क्रमागत म्हणजे पाठोपाठच्या, पाच-सहा-सात अशा. रिटायर झाले तरी मी चिचगडच्या शाळेत पुरवणी परीक्षेच्या मुलांना गणित शिकवायला जाते, हे तुम्हा दोघा नातवंडांना माहीत आहेच. सविता दहावीच्या गणितात दुसऱ्यांदा नापास झाली होती. तिला देवरीच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करायचा होता. वडिलांनी सांगून टाकलं होतं, "हा आखरी चान्स. मंग घरी बस."

आदल्या दिवशी तिचं घोडं x वर अडलं होतं. "जो आकडा मालूमच नाही, तो धरू कसा?"

"धान मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणता का?"

"नाही. लाभ म्हणतो."

पहिलं माप शुभ म्हणून 'लाभ', पुढे दोन, तीन. "मग x ला लाभ म्हण," मी म्हटलं. ती खूश झाली. मीही.

त्याचं फळ आता फळ्यावर होतं : लाभ अधिक दोन अधिक तीन बरोबर बहात्तर, म्हणून लाभ सदुसष्ट.

"सदुसष्टनंतर दोन येतात का?"

"लाभनंतर दोनच येते ना. काऊन नाही येत?"

"इथे लाभ म्हणजे एकच, असं कोणी सांगितलं? तो कितीही असू शकतो. त्याच्या पुढची संख्या?"

तिने फळ्यावरचे दोन आणि तीन पुसले. "लाभ आन एक. मंग लाभ आन दोन."

तीन लाभ अधिक तीन बरोबर बहात्तर. लाभ तेवीस. तेवीस, चोवीस, पंचवीस. बेरीज पुन्हा करून ती म्हणाली, "असं कालच सांगाचं होतं ना, मॅडम."

हेडमास्तरांना वेगळीच काळजी. "पेपरात लाभ लिहिलं तर तपासणारा काय म्हणेल? x लिहायला लावा."

सविता ऐकेना. शेवटी ठरलं, पहिल्या ओळीत लिहायचं : 'पहिली संख्या लाभ मानू.'

ती काठावर पास झाली. पेपरात असं गणित आलं होतं. त्याचे मार्क मिळाले की नाही, ते कळलं नाही. आता ती देवरीच्या बसने आयटीआयला जाते.

बेरीज जुळली तरी प्रश्नातली प्रत्येक अट पुन्हा वाचावी, हे तुमच्यासाठी. माझ्यापुरतं एवढंच : 'लाभ'सारखं उदाहरण देण्याआधी त्याने गणित स्वतः शेवटपर्यंत सोडवून पाहावं.