धाकट्या मास्तरांचा होकार

सत्तावन्न वर्षं पूर्ण झाली, केस पिकले, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले, तरी हा माणूस धाकटा तो धाकटाच राहिला. कवळ्या बनवणाऱ्या त्या दोन खोल्यांच्या कारखान्यात वडील ‘मोठे मास्तर’ होते, म्हणून हे ‘धाकटे मास्तर’. पोस्टमनसुद्धा त्यांना याच नावाने हाक मारायचा. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. “वाईट वाटून घ्यायचं तरी आधी अप्पांना विचारावं लागेल,” असं ते बायकोला म्हणत आणि स्वतःच हसत. बायको हसत नसे. तिने हा विनोद तीस वर्षं ऐकला होता.

कारखान्याचं काम असं चाले. दोन गल्ल्या पलीकडे दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. बाई पेशंटच्या तोंडाचं माप घेत आणि पाठवून देत. मागच्या खोलीत त्या मापावरून प्लास्टरचा जबडा ओतला जाई, त्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढे, आणि मग पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर, त्या मेणात एकेक दात लावला जाई. दात लावणं हेच खरं कसब, बाकी सगळी हमाली. आणि खिडकीजवळ बसायचं ते घरातल्या पुरुषांनी. बायकांनी मागे प्लास्टर कालवायचं, तयार कवळीला पॉलिश करायचं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो खोडायचीही सोय नव्हती.

मोठे मास्तर, म्हणजे अप्पा, चौऱ्याऐंशी वर्षांचे. हातात काम धरवत नव्हतं, पण खिडकीसमोरची आपली आरामखुर्ची त्यांनी सोडली नव्हती. लावलेली प्रत्येक कवळी त्यांच्यापुढे न्यायची. ते डोळे मिटून दातांवरून बोट फिरवत. “हं” म्हणाले, तर पास. काहीच म्हणाले नाहीत, तर सगळे दात उपटून पुन्हा लावायचे. धाकट्या मास्तरांनी तेहतीस वर्षं या एका “हं”साठी जीव आटवला होता. “शाबास” हा शब्द अप्पांना ठाऊक असावा असं त्यांना वाटे, कारण पोस्टमनच्या मुलाला तो एकदा मिळाला होता.

अप्पांनी शिकवलेली मांडणी एकच होती, पट्टी ठेवून आखावी तशी सरळ. त्यामुळे त्या भागातले सगळे म्हातारे सारखेच हसत. बागेतल्या बाकावर तिघे अनोळखी गृहस्थ एकदम हसले, तर समोरच्या बाईने त्यांना भाऊ-भाऊ समजून आईची चौकशी केली होती. धाकट्या मास्तरांनी या परंपरेत एकाच गोष्टीची भर घातली, तीही मनात नसताना. त्यांच्या हातून डावा सुळा केसभर बाहेर यायचा. तेहतीस वर्षं त्यांनी तो आत ढकलला, आणि तेहतीस वर्षं तो बाहेर डोकावत राहिला. माणसाने काहीतरी मागे सोडून जावं म्हणतात, आपण अर्ध्या गावात डावा सुळा सोडून जाणार, असं ते म्हणत.

दोन वर्षांपूर्वी त्यांची जवळची नजर गेली. मुलगी तेव्हा मागच्या खोलीत प्लास्टर कालवत होती. एका दुपारी ते टेबलावर डोकं धरून बसले असताना ती पुढे आली, त्यांच्या हातातली मेणाची सुरी काढून घेतली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही जरा चहा घेऊन या.” ते चहा घेऊन परतले, तर समोरचे सहाही दात लागले होते. पण सरळ नव्हते! ज्या आजीबाईंची कवळी होती त्यांचा तरुणपणीचा फोटो तिने पुढ्यात ठेवला होता, आणि फोटोत होता तसा एक दात दुसऱ्याच्या खांद्यावर किंचित टेकवला होता. ते दात त्या आजीबाईंचे होते, दुसऱ्या कुणाचे असूच शकत नव्हते. धाकट्या मास्तरांना अभिमानही वाटला आणि घामही फुटला. त्यांनी ती कवळी अप्पांपुढे धरली. बोट फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. “हं.”

त्या दिवसापासून लपवाछपवी सुरू झाली. दुपारी अप्पा वर झोपायला गेले की दाराला कडी लागे आणि मुलगी खिडकीजवळ बसे. अप्पांच्या काठीचा आवाज जिन्यावर आला की ती मागे पळे आणि धाकटे मास्तर खुर्ची पकडत. दुकान आपलं, मुलगी आपली, काम चोख, आणि आपण कडीला डोळा लावून चोरासारखे उभे, हे त्यांचं त्यांना कळत होतं. “अप्पांना चालायचं नाही,” एवढं ते तिला सांगत. हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं होतं की अप्पांना काय चालतं, हे विचारायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

मग मुलीला पत्र आलं. दुसऱ्या शहरातल्या कवळ्यांच्या एका मोठ्या प्रयोगशाळेने तिचं काम डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं होतं. तिला स्वतःचं टेबल देणार होते. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. तिने पत्र वडिलांसमोर ठेवलं.

“मला जायचं नाहीये, बाबा. पगारही वाढवून नको. फक्त आजोबांना एकदा सांगा, दात कोण लावतं ते. मला असं पळून पळून काम नाही करायचं.”

“सांगतो की! त्यात काय एवढं?” धाकटे मास्तर म्हणाले. ‘त्यात काय एवढं’ म्हणताना त्यांनी पत्र उलटं करून ठेवलं.

सोमवारी ते सांगणारच होते, पण सोमवारी सकाळी अप्पांची स्वतःची कवळी हातातून निसटून बेसिनमध्ये पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. मोठ्या मास्तरांवर दुधात भिजवलेला पाव खायची पाळी आली. भुकेल्या माणसाला काही सांगू नये, असं धाकट्या मास्तरांनी ठरवलं. मंगळवारी माप झालं. बुधवारी दुपारी, कडी लावून, मुलीने आजोबांचे दात लावले. धाकटे मास्तर तिच्या मागे उभे होते. “जरा बघून हं,” असं ते चार वेळा म्हणाले आणि चारही वेळा आपण हे का म्हणतोय ते त्यांना कळलं नाही.

गुरुवारी सकाळी त्यांनी नवी कवळी अप्पांच्या हातात दिली. अप्पांनी ती तोंडात बसवली. दात दातावर आपटून पाहिले. मग टेबलावरचं सफरचंद उचललं आणि कचकन चावा घेतला. बराच वेळ चावत राहिले. धाकट्या मास्तरांनी वाक्य पाठ करून ठेवलं होतं, ‘अप्पा, हे दात पोरीने लावलेत.’ पाचच शब्द होते. तोंड उघडलंही होतं.

“तेहतीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्या हातून काम झालं,” अप्पा म्हणाले. “शाबास!”

मागच्या खोलीतलं पॉलिशचं मशीन मध्येच बंद झालं. धाकट्या मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांचे कान गरम झाले होते. पाच शब्दांचं ते वाक्य कुठल्या कुठे गेलं आणि तोंडातून आलं, “तुमचीच शिकवण, अप्पा.” एवढं बोलून ते चक्क लाजले. सत्तावन्न वर्षांचा बाप्या, पिकल्या केसांचा, नखाने टेबलावरचं मेण खरवडत लाजला.

तो दिवस त्यांनी शीळ घालत काढला. शाबासकी दुसऱ्याच्या वाट्याची होती हे डोक्याला पक्कं माहीत होतं, पण पाठ ते ऐकायला तयार नव्हती. जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं, तर ती ताटावरून वर न बघता म्हणाली, “पण दात तर पोरीने लावलेत ना?”

“हो गं. सांगणार आहे उद्या. शुक्रवार उद्या आहे.” एक दिवस तरी मिरवू दे, असं त्यांना म्हणायचं होतं. ते न म्हणण्याइतकी लाज मात्र शिल्लक होती.

शुक्रवारी सकाळी ते अप्पांच्या खुर्चीपुढे जाऊन उभे राहिले.

“अप्पा, तुमचे दात मी लावलेले नाहीत.”

“माहीत आहे.”

“म्हणजे?”

“डावा सुळा जागेवर आहे,” अप्पा म्हणाले. “तुझा कधी बसलाय जागेवर? दोन वर्षांपूर्वी एकाएकी सगळे सुळे शहाण्यासारखे वागायला लागले. माझे दात गेलेत, बोटं नाही गेली.”

“मग काल ती शाबासकी?”

“मी दिली. तू घेतलीस.”

धाकट्या मास्तरांच्या कानाखाली कुणी काढावी तसं झालं. पण ते मुळात आशाळभूत. त्यातूनही त्यांना आनंदच झाला. “मग प्रश्नच मिटला की! ती खिडकीत बसेल, उघड उघड.”

“नाही.”

“का नाही? तुम्हाला तर सगळं माहीत आहे.”

अप्पांनी खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट केलं. “तुझ्या बहिणीला मी याच टेबलावरून उठवलं होतं. सतरा वर्षांची होती. तुझ्याहून हात चांगला होता तिचा. म्हटलं, हे बायकांचं काम नव्हे. काही न बोलता उठली. अकरा वर्षं मागे पॉलिश करत राहिली आणि मग लग्न होऊन गेली. आता नातीला इथे बसवलं, तर तुझ्या बहिणीला काय सांगू? तेव्हा चुकलो म्हणून?”

“सांगा की तसं.”

“तुला सोपं आहे ते. तुला चुकायची सवय आहे.” अप्पांचा आवाज जरा हलला. “कोणी बोलत नव्हतं, तोवर मला माहीत नसल्यासारखं चाललं होतं. आता तू बोललास.” त्यांनी तोंडात बोट घातलं, कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि टेबलावर ठेवून दिली. क्षणात त्यांचे गाल आत गेले आणि मोठे मास्तर फार म्हातारे दिसायला लागले.

आवाज ऐकून मुलगी पुढे आली. हात कोपरापर्यंत प्लास्टरने माखलेले. तिच्याकडे पाहून अप्पा काहीतरी बोलले. दात नसल्याने शब्दांचा नुसता वारा झाला.

“काय म्हणतायत आजोबा?” तिने विचारलं.

धाकट्या मास्तरांना शब्द न् शब्द कळला होता. अप्पा ‘तू मागे जा’ असं म्हणाले होते. आता ‘बस म्हणतायत’ असं सांगायला काय जात होतं? अप्पांना ते खोडून काढायचं, तर नातीने लावलेले दात आधी तोंडात घालावे लागले असते. मोठ्या मास्तरांना कोंडीत पकडायची अशी संधी सात जन्मांत आली नसती, आणि त्यांना ती क्षणभर फार गोड लागली. “आजोबा म्हणतायत...” इथवर ते आलेही. पण पुन्हा तेच. पुन्हा अप्पांच्याच आडून बोलणं. जन्मभर आपण या माणसाला घाबरलो असं ते सगळ्यांना सांगत आले होते, पण खरं तर त्यांच्या आड बसायला फार बरं वाटत होतं. नियम अप्पांचा असेल, पण पोरीवर तो बजावणारे आपणच होतो, हे त्यांना आत्ता लख्ख दिसलं.

“ते नाही म्हणतायत,” धाकटे मास्तर म्हणाले. “मी हो म्हणतोय. तू खिडकीत बसायचं. आजपासून.” ‘मी’ म्हणताना त्यांचा आवाज चिरकला.

मुलगी खिडकीकडे गेली नाही.

“बाबा, काल मी दारात उभी होते.”

“कधी?”

“तुम्ही लाजलात ना, तेव्हा.” ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. “संध्याकाळी प्रयोगशाळेला होकार कळवून टाकला.”

“अगं, पण मुदत आजची होती!”

“हो. आणि आज तुम्ही सांगाल, हेही माहीत होतं मला. पण काल सांगायला हवं होतं, बाबा.”

तिने मागे जाऊन हात धुतले आणि येऊन खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली. जायला तीन आठवडे होते. दाराची कडी त्यानंतर लागली नाही. अप्पांनी चार दिवस दूध-पावावर काढले, पाचव्या दिवशी कुणाकडे न बघता कवळी घातली आणि घास चावायला लागले. ‘हं’सुद्धा म्हणाले नाहीत. धाकटे मास्तर मागच्या खोलीत प्लास्टर कालवायला लागले. त्यांच्या प्लास्टरमध्ये गुठळ्या होत आणि मुलगी ते परत पाठवी. ते मुकाट्याने पुन्हा कालवत. पुढच्या खोलीतून तिच्या गुणगुणण्याचा आवाज येई, तेव्हा ते कालवायचं थांबत. एका दिवसाच्या शाबासकीपायी आपण पोर घालवली, यात त्यांना काही विनोद करता येत नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात एक आजीबाई नवी कवळी न्यायला आल्या. त्यांनी आरशात हसून पाहिलं, फोटोशी ताडून पाहिलं आणि डोळे पुसले. “मास्तर, ही कोण हो?” त्यांनी विचारलं.

“माझी मुलगी. दात हीच लावते. दोन वर्षं झाली. फक्त मी ते कुणाला सांगत नव्हतो.”

“अगंबाई! मग आमच्या यांची कवळीसुद्धा हिच्याकडूनच करून घेते.”

“मग घाई करा,” धाकटे मास्तर म्हणाले. “बाराच दिवस उरलेत.”