कप रिकामा जाता कामा नये

सुहासिनी मावशी अमेरिकेत, मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीत राहायला आली त्याला आता तीस वर्षं होतील. एवढ्या वर्षांत ती गाडी चालवायला शिकली, बर्फावरून न घसरता चालायला शिकली, आणि वादळाचा भोंगा वाजला की आधी गॅस बंद करून मग बेसमेंटमध्ये जायला शिकली. एक गोष्ट मात्र ती इथे येतानाच शिकून आली होती, आणि ती तिनं अख्ख्या गल्लीला शिकवली: कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं.

शेजारणीचा केकचा डबा शंकरपाळे घेऊन परत जातो, हे ठीकच. पण प्लंबर हत्यारांची पेटी विसरून गेला, तेव्हा ती पान्यांच्या मधोमध चिवड्याची पुडी घेऊन परत गेली. समोरच्यांचं बर्फ उपसायचं फावडं गेलं ते चार चकल्या अंगावर घेऊन. लायब्ररीची पुस्तकं परत करताना तिचा जीव कासावीस होतो, कारण तिथल्या बाईंनी हात जोडून सांगितलंय, की प्लीज, पुस्तकांबरोबर लाडू नकोत.

"मावशी, लोक काय म्हणतील?" मी भाचेपणाच्या हक्कानं एकदा विचारलं होतं.

"थँक यू म्हणतील. दुसरं काय म्हणणार?"

तर परवाच्या शनिवारी मी, बायको गिरिजा, लेक आन्या आणि मावशी असे मिनियापोलिसच्या ख्रिसमस मार्केटला गेलो. निमित्त आन्याचं. तिच्या शाळेचा कॉयर तिथे गाणार होता आणि मधल्या दोन ओळी आन्याच्या एकटीच्या होत्या. मागच्या कार्यक्रमात स्टेजवरून कुणी ओळखीचं दिसेना, तेव्हा तिच्या दोन ओळी घशातच राहिल्या होत्या. घरी येऊन पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती. यंदा मावशीनं जाहीर केलं, "मी अगदी पुढे उभी राहते. माझ्याकडे बघायचं आणि म्हणायचं."

गाडीत आन्यानं पुन्हा वदवून घेतलं. "आजी, फ्रंट रो. यू प्रॉमिस्ड!"

"प्रॉमिस गं बाई. हे घे, घसा मोकळा राहतो." मावशीनं खडीसाखरेचे खडे तिच्या हातमोज्यात सरकवले.

मार्केटमध्ये दिव्यांच्या माळा, पाइनचा वास आणि थंडी अशी की आपलं नाक जागेवर आहे का हे चाचपून बघावं. आन्याला तिच्या टीचरकडे सोपवलं. गाण्याला वेळ होता. "काहीतरी गरम पिऊ या," असं मी म्हणालो, आणि तिथेच माती खाल्ली.

सफरचंदाचा गरम सायडर विकणारा स्टॉलवाला म्हणजे सहा फुटांच्या वरचा एक आजोबा, गुन्नार. डोक्यावर रेनडिअरच्या शिंगांची टोपी आणि शिंगांवर लुकलुकणारे दिवे. सायडर त्यानं छान चिनी मातीच्या कपांत दिला आणि म्हणाला, "प्यायल्यावर कप इथेच आणून द्या हं."

माझा आणि गिरिजाचा कप मुकाट्यानं परत गेला. मावशी मात्र तिच्या रिकाम्या कपाकडे बघत उभी.

"मावशी, तो दुकानाचा कप आहे," गिरिजा म्हणाली.

"दुकानाचा झाला म्हणून काय झालं? भांडं ते भांडं."

मावशीच्या पर्समधून बेसनाचा लाडू निघाला, कपात बसला आणि कप काउंटरवर गेला. आम्ही स्टेजकडे वळतो तोच मागून हाक आली, "मॅम! तुमचं काहीतरी राहिलं!"

"राहिलं नाही. तुमच्यासाठीच आहे."

गुन्नारनं लाडू तोंडात टाकला. डोळे मिटले. शिंगं थरथरली. आम्ही दहा पावलं गेलो नसू, तर हा धापा टाकत हजर. हातात तोच कप, काठोकाठ दालचिनीचे बदाम. "माझी आजी सांगायची," तो म्हणाला, "शेजाऱ्याचं भांडं रिकामं पाठवायचं नाही."

मावशीचा चेहरा असा उजळला, जणू तीस वर्षांनी या देशात माहेरचं माणूस भेटलं. पण तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की कप परत आपल्याच हातात आहे.

बदाम पिशवीत ओतून तिनं कपात बाकरवडी भरली आणि परत नेऊन दिला. गुन्नारनं बाकरवडी ठेवून घेतली आणि कपात जिंजर कुकी घातल्या. मावशीनं सुपारी पाठवली. गुन्नारनं पुन्हा बदाम भरले.

"अहो, आवरा ना यांना कुणीतरी!" गिरिजा मला म्हणाली.

"कुणाला? दोघंही ऐकत नाहीयेत!"

आणि माइकवरून घोषणा झाली. मुलांचा कॉयर.

आम्ही धावलो. पण स्टेजपुढे एव्हाना माणसांची भिंत उभी राहिली होती, तीही मिनेसोटातल्या उंच माणसांची. मावशीची उंची पाच फूट, तीही अंबाडा धरून. गाणं सुरू झालं. मी टाचा उंचावून बघितलं. आन्याची नजर पहिल्या रांगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती, आणि रडू येण्याआधी पुढे येणारा तिचा खालचा ओठ मला चांगलाच माहीत आहे.

"अरे, मी प्रॉमिस केलंय रे तिला," मावशी कळवळून म्हणाली. हातातल्या कपातले बदाम ती टेन्शनमध्ये एकेक करून खात होती.

तेवढ्यात डोक्यावर लुकलुक झाली. गुन्नार! स्टॉलवर "आत्ता येतो"ची पाटी लावून आला होता. "ग्रँडमा कमिंग थ्रू!" तो गरजला. भिंत दुभंगली. ज्यांचे पाय आम्ही तुडवले, तेच आम्हाला सॉरी म्हणत होते. पुढे शिंगं, मागे मावशी, धक्का लागू नये म्हणून कप डोक्यावर धरलेला.

आन्याला आधी दिवे दिसले, मग कप, मग कपाखाली आजी. ओठ सावरला. बरोबर तिच्या ओळींवर बाकीची मुलं गप्प झाली आणि आमची पोरगी गायली. हसत गायली, त्यामुळे सूर जरा हलला, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. गुन्नार माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. शिंग माझ्या कानात गेलं, ते मी हळूच बाजूला केलं.

गाणं संपल्यावर आन्या उड्या मारत आली. गुन्नारनं डोळे पुसून कपासाठी हात पुढे केला. मावशीनं कपात बघितलं. बदाम संपले होते. पर्स उलटी केली. काही नाही. तिनं कप छातीशी धरला.

"आजी, वेट." आन्यानं हातमोजा झटकला. खडीसाखरेचे दोन खडे कपात टणटण पडले. तिनं कप दोन्ही हातांनी गुन्नारला दिला.

गुन्नारनं एक खडा चघळला. मान डोलावली. मग रिकाम्या होत चाललेल्या कपाकडे, मग आमच्याकडे बघत तो हळूच म्हणाला, "थांबा हं, मी आलोच…"

"पळा!" मावशी ओरडली.

आम्ही पार्किंगच्या दिशेनं सुटलो. पासष्टीची मावशी सगळ्यांच्या पुढे. हसून हसून आन्याला चालवेना, तरी मागे वळून बघत ती ओरडत होती, "आजी, ही इज कमिंग! ही इज कमिंग!"

गर्दीच्या वर दोन शिंगं लुकलुकत आमच्याकडेच येत होती.