जावयाच्या गाडीची चाकं

तात्या मिस्त्री गाडीतला बिघाड नंतर सांगत, आधी मालकातला सांगत. "इंजिन ठणठणीत हाय. तुमी क्लचवर पाय ठिऊन झोप काढता," असं त्यांनी एका डॉक्टरांना भर रस्त्यावर सुनावलं होतं. लोक चिडत, चार दिवस दुसरीकडे जात आणि पुन्हा तात्यांकडेच येत.

बारामतीत जळोची रस्त्याला आमचं स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि त्याला लागून तात्यांचं गॅरेज. नव्वदच्या दशकात ते दुकान मी सांभाळायचे. कुठल्या फळीवर काय आहे ते मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेलं असे, म्हणून तात्या मला 'म्यानेजर' म्हणत. बेअरिंग हवं असलं की दारातूनच विचारत, "म्यानेजर, घावंल का आधी भिताड वाचावं लागंल?" तात्या मूळचे कऱ्हाटीचे. सकाळी शटर उघडताना ओळखीच्या प्रत्येकाला मोठ्यानं 'जय भीम' घालायचे आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा घालायचे.

त्यांच्या गॅरेजात घण नव्हता. "घण हातात आला की डोकं सुट्टीवर जातंय," असं त्यांचं म्हणणं. अडकलेल्या वस्तूला ते डिझेल पाजत, वरून कढत पाणी ओतत आणि वाट बघत. पाणी समोरच्या चहाच्या गाड्यावरून यायचं. गाड्यावाल्या शांताबाई करवादायच्या, "तात्या, माज्या गिऱ्हाइकापरीस तुमच्या नटांनाच पाणी जास्त लागतंय!"

अशा माणसाची जीभ एकाच माणसासमोर थांबायची. तो म्हणजे त्यांचा जावई, दिलीपराव. एकुलती एक मुलगी सुनंदा लासुर्ण्याला दिलेली. जावयाला हवं ते वाढावं, त्याची चूक मात्र तोंडावर काढू नये, ही आपल्याकडची रीत तात्या कसोशीनं पाळत. दिलीपराव खुर्चीत बसले की हे उभे राहत.

दिलीपराव मनानं चांगले, पण भारी हौशी. त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि पुण्याहून तिला अ‍ॅलॉयची चाकं बसवून आणली. चाकं बाहेर दिसावीत म्हणून आतून स्पेसरही घातले. स्पेसर म्हणजे चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्या मध्ये बसणारी अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती. तिच्यामुळे चाक बाहेर सरकतं आणि गाडी शड्डू ठोकून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी दिसते. तात्यांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा "झ्याक," एवढंच म्हणाले. चेहरा मात्र काढा प्यायल्यासारखा झाला होता.

पुढच्या हिवाळ्यात, ऊस वाहतूक ऐन भरात असताना, दिलीपराव सुनंदाला आणि तान्ह्या मुलीला घेऊन आले. पुढच्या चाकातून घरघर येत होती. बेअरिंग गेलं होतं. तात्यांनी सगळे नट काढले, पण चाक जागचं हलेना. दिलीपराव रोज बोअरच्या पाण्यानं गाडी धूत आणि त्यांच्याकडचं बोअर खारं. ते पाणी चकतीच्या फटीत मुरून पांढरी भुकटी धरली होती. चाक, चकती आणि हब एकजीव झालं होतं.

"लई जपलं मामा मी गाडीला," दिलीपराव म्हणाले.

"दिसतंय की," तात्या म्हणाले.

"घण आणू का कुणाकडनं?"

"नको जावईबापू. अ‍ॅलॉय तडकतंय."

मग डिझेल झालं, शांताबाईंच्या किटल्या झाल्या. शेवटी तात्यांनी नट सैलसर लावले, गाडी जॅकवरून उतरवली आणि दिलीपरावांना ती मोकळ्या जागेत हळूहळू डावी-उजवी वळवायला लावली. 'कट्‌' असा आवाज आला. गाडीच्याच वजनानं चाक सुटलं होतं, पण चकती चाकाला चिकटूनच निघाली. ते चाक पोत्यावर आडवं टाकून तात्या लाकडी ठोकळ्यानं कडेकडेनं ठोकत राहिले. दुपार कलताना चकती निघाली आणि मागोमाग बाकीच्या चाकांच्याही.

तेव्हा त्यांनी मला हाक मारली आणि हबचे बोल्ट दाखवले. चकतीनंच इतकी जागा खाल्ली होती, की नट नुसते टोकाला धरले होते आणि तिथले आटे झिजले होते. लेक आणि नात याच चाकांवर उसाच्या ट्रकांमधून आल्या होत्या. मग तात्या माझ्याकडून नवे बोल्ट आणि बेअरिंग घेऊन गेले.

ते बसवून होईपर्यंत दिलीपरावांनी चकत्या रुमालानं लख्ख पुसल्या होत्या. "मामा, आता ह्या परत घालून टाका."

"न्हाय."

शांताबाईंनी स्टोव्ह बारीक केला.

"जावईबापू, आजवर तुमच्या म्होरं तोंड उघडलं न्हाय. आज उघडतो. चकत्या घालायच्या तर खुशाल घाला, पर माज्या हातनं न्हाय. आन् घातल्या तर माजी लेक आन् नात ह्या गाडीत बसणार न्हाईत. यष्टीनं जातील."

दिलीपराव लाल झाले. "मामा, साऱ्या रस्त्याम्होरं बोलताय?"

"व्हय. चाक निसटंल ते बी रस्त्यातच निसटंल."

सुनंदा मुलीला घेऊन पुढे आली. "अहो, मी जाते यष्टीनं. पण तुम्ही उपाशी निघायचं न्हाय."

दिलीपरावांनी तिच्याकडे पाहिलं, कडेवरच्या मुलीकडे पाहिलं. मग वाकून एक चकती स्वतः हबवर ठेवली, वर चाक चढवलं आणि बोटांनी नट फिरवला. त्याला धरायला बोल्टचं नुसतं टोकच उरलं होतं. त्यांनी सगळं उतरवलं आणि चकत्या डिकीत टाकल्या. "द्या पाना. मीच आवळतो."

त्यांचं आवळून झाल्यावर तात्यांनी त्यांच्यासमोरच प्रत्येक नट पुन्हा तपासला.

"मामा, जावयावर एवढा बी इश्वास न्हाय?"

"जावयावर हाय. नटावर न्हाय."

सगळे हसले. दिलीपराव जरा उशिरानं हसले, पण हसले. मग घरी जाऊन जेवलेही.

पुढे तात्यांचे गुडघे गेले, त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, आधीच गेल्या होत्या. तात्या गॅरेजातच खाट टाकून राहू लागले. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, ही रीतही त्यांनी धरून ठेवली होती. एके सकाळी दिलीपराव आले, काही न विचारता वळकटी उचलून गाडीत ठेवली आणि म्हणाले, "बसा. सासऱ्याला बोलायचं नसतं म्हणून लई दिवस गप राहिलो. आता न्हाय."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडीचं दार उघडून धरलं. मग त्यांनी शटर ओढलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि जाऊन बसले.

ती किल्ली त्यांनी परत मागितली नाही. सुनंदा सांगते, अखेरपर्यंत सासरा आणि जावई रोज सकाळी अंगणात खुर्च्या टाकून बसायचे आणि चहा गार होईपर्यंत भांडायचे.